खिमा-बटाट्याचं कॅसरोल आठवड्याच्या मधल्या रात्री जमवताना: माझा अनुभव

ज्या दिवशी मी हे कॅसरोल पहिल्यांदा केलं त्या दिवशी आम्ही रात्री साडेनऊला जेवलो. रेसिपी एकदम सोपी वाटली होती, बटाट्याच्या कच्च्या चकत्या, त्यावर परतलेला बीफचा खिमा आणि कांदा, परत चकत्या, मग डब्यातलं मशरूमचं घट्ट सूप दुधात कालवून वरून ओतायचं, चीज पसरायचं आणि १८० डिग्रीला एक तास. मी कामावरून साडेसहाला आले, सातला चिरायला घेतलं, पावणेआठला भांडं ओव्हनमध्ये गेलं आणि पावणेनऊला बाहेर काढलं तेव्हा दिसायला इतकं सुंदर होतं ना, चीज सोनेरी, कडेने बुडबुडे, घरभर वास. मुलाने पहिला घास खाल्ला आणि म्हणाला, "आई, बटाटा कच्चा आहे गं." मी मधून चमचा घालून बघितलं तर खरंच, वरचा थर मऊ आणि मधला करकरीत. परत फॉइल लावून आत ठेवलं. तोवर धाकटी नुसतं दूध पिऊन झोपून गेली, आणि तिला झोपेतून उठवून भरवायचं माझ्या जिवावर आलं. ते मला फार लागलं.

तरी मी हा पदार्थ सोडला नाही कारण दुसऱ्या दिवशी उरलेलं गरम केलं तेव्हा चौघांनी भांडं चाटूनपुसून साफ केलं. दोन्ही मुलं एकच पदार्थ आवडीने खातात असं आमच्याकडे क्वचित होतं. म्हणजे चव बरोबर होती, फक्त वेळेचं गणित चुकत होतं, आणि ते सोडवायचंच असं मी ठरवलं. त्याला मला साधारण दोन महिने लागले.

सुरुवातीला मला वाटलं वेळ खिम्यामुळे जातोय, म्हणून मी सगळी घाई तिथेच केली. ५०० ग्रॅम खिमा एकदम कढईत टाकला, झाऱ्याने सारखा हलवत राहिले, त्याला पाणी सुटलं आणि तो परतला जाण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात शिजला, रंग राखाडी, चव सपक. आता मी उलटं करते. पसरट पॅन आधी नीट तापवायचा, खिमा दोन वेळा विभागून घालायचा, पसरून दाबायचा आणि तीन-चार मिनिटं त्याला हातच लावायचा नाही. पाणी आटलं की आवाज बदलतो, आधी पचपच येत असतो तो चुरचुर यायला लागतो, तो आवाज आला की समजायचं आता रंग धरतोय. खालची बाजू गडद तपकिरी झाली की उलटायचं आणि मगच मोडायचं. हा जो खमंगपणा येतो त्याच्यामागच्या रासायनिक क्रियेला मेलार्ड क्रिया म्हणतात, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मेलार्ड याने १९१२ मध्ये ती मांडली म्हणून, आणि ती साधारण १४० डिग्रीच्या वर जोरात होते. भांड्यात पाणी आहे तोपर्यंत तापमान १०० च्या वर जात नाही, म्हणून गर्दी केलेला खिमा कितीही वेळ ठेवला तरी पाणी आटेपर्यंत पांढराफटकच राहतो. हे एकदा कळलं आणि माझा खिमा कायमचा सुधारला.

चरबीचं पण बघावं लागलं. २० टक्के चरबीचा खिमा घेतला की चव छान पण कॅसरोलच्या तळाशी तेलाचं तळं साचतं, कारण इथे ती चरबी निघून जायला वाटच नाही. १० टक्केवाला घेतला तर तळं नाही पण खिमा कोरडा लागतो. मी आता २० वालाच घेते, परतून झाला की पॅन तिरका करून चमचाभर ठेवून बाकीची चरबी काढून टाकते आणि त्या उरलेल्या चमचाभरात कांदा परतते. तळाला जे तपकिरी चिकटलेलं असतं ते कांद्याच्या पाण्याने सुटतं, ते अजिबात टाकायचं नाही, सगळी चव तिथे असते.

पण खिमा सुधारला तरी वेळ तेवढाच लागत होता. मग एका रविवारी निवांतपणे केलं आणि दर १५ मिनिटांनी बटाट्यात सुरी घालून बघत बसले. तेव्हा उजेड पडला की सगळा वेळ बटाटाच खातोय. खिमा तर आधीच शिजलेला, सूप तयार, चीज वितळायला दहा मिनिटं पुरतात. कच्च्या चकत्यांचे चार थर, मध्ये थंड दूध, हे सगळं आधी तापणार आणि मग शिजणार, त्याला माझ्या ओव्हनमध्ये फॉइल लावून सव्वा ते दीड तास लागतोच. रेसिपीतला एक तास मला तरी कधीच पुरला नाही.

त्याच सुमारास मी अजून एक चूक केली जिच्यातून सगळ्यात जास्त शिकले. डब्यातल्या सूपचा खारटपणा जास्त वाटायचा म्हणून त्याच्याऐवजी टोमॅटोचा सॉस घातला. चव मस्त, पण बटाटा काही केल्या मऊ होईना, दीड तास झाला, पावणेदोन तास झाले, चकत्या शिजलेल्या दिसतायत पण दाताखाली कडक. मला वाटलं बटाटेच वाईट निघाले. नंतर वाचलं की आंबट पाण्यात बटाटा लवकर मऊ होत नाही, त्याच्या पेशींना धरून ठेवणारं जे पेक्टिन असतं ते आंबटात विरघळायला वेळ लावतं. म्हणून आता टोमॅटो घालायचाच असेल तर बटाटा आधी पूर्ण शिजवून घेते, कच्चा बटाटा आणि टोमॅटो एकत्र कधीच ठेवत नाही.

मग चकत्या आधी उकडून घ्यायला लागले. थंड पाण्यात मीठ घालून त्यात चकत्या आणि उकळी आल्यावर चार-पाच मिनिटं. वेळ एकदम अर्ध्यावर आला, पण दोन अडचणी, एक तर मिनिटभर जास्त झालं की चकत्या चाळणीत ओततानाच तुटतात, आणि दुसरं म्हणजे बटाट्याचा सगळा स्टार्च पाण्याबरोबर सिंकमध्ये जातो, मग सॉस घट्ट करायला वेगळा मैदा नाहीतर तेच डब्यातलं सूप लागतं. मी एकदा मैदा-लोण्याचा व्हाइट सॉस पण केला, २ चमचे लोणी, २ चमचे मैदा, १ कप दूध, चांगला झाला, पण एक भांडं जास्त आणि दहा मिनिटं जास्त.

आणि मग एका बुधवारी सुचलं की पाण्यात उकडून दुधात घालण्यापेक्षा थेट दुधातच का नाही शिजवायचं? हाच तो बदल ज्याने सगळं जुळून आलं. ८०० ग्रॅम बटाटे सोलायचे, ३ मिलीमीटर जाडीच्या चकत्या करायच्या आणि त्या धुवायच्या नाहीत, अजिबात नाही, कारण तो पांढरा स्टार्चच आपल्याला हवा आहे. पसरट पॅनमध्ये अर्धा लिटर दूध, चकत्या, दोन ठेचलेल्या लसूण पाकळ्या, मीठ, भरपूर काळी मिरी. मध्यम आचेवर उकळी आली की आच बारीक आणि आठ ते दहा मिनिटं. इथे मात्र पॅनपाशीच उभं राहायचं, दूध उतू जातं आणि त्यात स्टार्च असल्यामुळे पटकन खाली लागतं, सपाट उलथन्याने तळ खरवडत हलकेच हलवायचं. सहाव्या-सातव्या मिनिटाला बघता बघता दूध दाटायला लागतं, आधी पळीवरून पाण्यासारखं ओघळत असतं ते मग पळीच्या पाठीवर थर धरतं, बोटाने रेघ ओढली तर रेघ तशीच राहते. इथे गॅस बंद. चकतीत सुरी टोचली की जराशी अडून आत जायला हवी, भसकन गेली तर जास्त शिजलंय. शेवटी चमचाभर मोहरीची पेस्ट. सूपचा डबा नको, मैदा नको, सॉस आपोआप तयार.

बटाट्याच्या जातीनेही फरक पडतो. पिठूळ बटाटा दूध जास्त दाट करतो पण कडा विरघळतात, चिकट बटाटा आकार धरून ठेवतो पण सॉस पातळ राहतो. मी मधला घेते, आणि नुसता चिकटच मिळाला तर एखादी चकती पॅनमध्येच कुस्करून टाकते, काम भागतं. हिरवट झालेला बटाटा मात्र घेऊच नका.

ओव्हनचं काम आता फक्त सगळं एकजीव करायचं आणि वरून रंग आणायचा. त्यासाठी खोल भांडं सोडून उथळ घेतलं, २३ बाय ३३ सेंटीमीटरचं, चार थरांऐवजी दोनच, खाली अर्धे बटाटे, मध्ये खिमा, वर उरलेले बटाटे आणि सगळं दूध, वर १०० ग्रॅम चीज. चीज घरीच किसते कारण किसलेलं विकत आणलं तर ते गुठळ्या होऊ नयेत म्हणून स्टार्च लावलेलं असतं आणि तितकं छान वितळत नाही. सगळं गरमागरम आत जातं त्यामुळे २०० डिग्रीला २० मिनिटं पुरतात, फॉइल पण नको. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं तसंच ठेवायचं, मुलं कितीही मागे लागली तरी, नाहीतर ताटात सगळं ओघळतं.

दुसरा मोठा फायदा झाला खिमा रविवारी करून ठेवल्याने. एक किलो एकदम परतते (अर्थात चार वेळा विभागून), कांद्याबरोबर बारीक चिरलेलं गाजर आणि मूठभर मटार, ताटात पसरून लवकर गार करते आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवते. तीन-चार दिवस नीट राहतो. अर्धा या आठवड्यासाठी आणि अर्धा पिशवीत चपटा करून फ्रीझरमध्ये, चपटा केला की लवकर सुटतो. कच्चा खिमा मी फ्रीजमध्ये एक-दोन दिवसांच्या वर ठेवत नाही. आणि शिजला की नाही हे रंगावरून ठरवत नाही, थर्मामीटर घेतलाय, खिमा आतून ७१ डिग्री व्हायला हवा. स्वयंपाकघरात मी घेतलेल्या वस्तूंपैकी हीच मला सगळ्यात कामाची वाटते.

पूर्ण कॅसरोल फ्रीझ करून पण बघितलं, ते काही पटलं नाही, बटाटा सुटल्यावर पाणी सोडतो आणि रवाळ लागतो. कुस्करलेला बटाटा वर लावला तर बऱ्यापैकी टिकतो, म्हणजे ज्याला कॉटेज पाय म्हणतात तसं, पण आमच्याकडे चकत्याच हव्या असतात. आदल्या रात्री थर लावून फ्रीजमध्ये ठेवणं जमतं, फक्त एक सांगते, काचेचं भांडं फ्रीजमधून काढून सरळ तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नका. माझं तडकलं. आवाज आला, दार उघडलं तर भांड्याचे दोन तुकडे आणि सगळं दूध ओव्हनच्या तळाशी, जेवण गेलं ते गेलंच, वर काच वेचण्यात रात्र गेली. आता आदल्या दिवशीचं असेल तर पत्र्याच्या ट्रेमध्येच लावते आणि ३५ ते ४० मिनिटं देते, पहिली २० मिनिटं फॉइल लावून.

तर आमचा गुरुवार सध्या असा असतो. सातला बटाटे सोलायला घेते, चकत्या स्लायसरवर, हाताला गार्ड लावूनच, कारण घाईत बोट कापायला वेळ लागत नाही. सव्वासातला दूध आणि चकत्या गॅसवर, शेजारच्या गॅसवर फ्रीजमधला खिमा झाकण ठेवून वाफ येईपर्यंत गरम, ओव्हन तोवर तापत असतो. साडेसातला भांडं आत. त्या २० मिनिटांत पॅन घासून होतो, धाकटीचा अभ्यास बघून होतो. आठला पानं घेतो. उरलं तर दुसऱ्या दिवशी दोन चमचे दूध शिंपडून, झाकून, आतून ७४ डिग्री होईपर्यंत गरम करायचं, दूध नाही शिंपडलं तर घट्ट गोळा होतो. पण हल्ली उरतच नाही, कोपऱ्यातलं कुरकुरीत चीज कोणाचं यावरून दोघांची रोज भांडणं, म्हणून मागच्या आठवड्यापासून मी कोपरे मोजूनच वाढते, चार कोपरे, चौघांना एकेक.