फ्लॉरेन्समधला माझा एकटीचा दिवस

आज हे मोदेनाजवळच्या मारानेल्लोला फेरारीच्या मोटारींचे संग्रहालय पाहायला गेले आणि फ्लॉरेन्समधला दिवस माझा एकटीचा झाला. या सहलीतला एक दिवस ज्याने त्याने आपापल्या आवडीचे पाहण्यात घालवायचा, हे आम्ही कोल्हापूरहून निघतानाच ठरवले होते. जोडीने फिरताना दुसऱ्याचे पाय दुखत असतील, त्याला भूक लागली असेल, ही काळजी दोघांच्याही मनात असते आणि त्या काळजीपोटी प्रत्येक ठिकाणाहून जरा लवकरच पाय निघतो. मला आज दोनच जागा पाहायच्या होत्या, पण मन भरेपर्यंत पाहायच्या होत्या.

सकाळी सान मार्कोच्या मठात गेले. फ्लॉरेन्सचा धनाढ्य सावकार आणि सत्ताधीश कोझिमो दे मेदिची याने दिलेल्या पैशांतून मिकेलोत्सो या वास्तुविशारदाने १४३७ पासून हा मठ नव्याने बांधला आणि तेथेच राहणाऱ्या फ्रा आंजेलिको या संन्याशाने आपल्या सहकाऱ्यांसह त्याच्या भिंती रंगवल्या. वरच्या मजल्यावर चाळीसहून अधिक लहान खोल्या आहेत. प्रत्येकीत एक छोटी खिडकी आणि ओल्या गिलाव्यावर काढलेले एक भित्तिचित्र, एवढेच. सातव्या खोलीतल्या चित्रासमोर मी फार वेळ उभी राहिले. डोळ्यांवर पट्टी बांधलेला येशू आसनावर बसला आहे आणि त्याच्याभोवती त्याला मारणारे नुसते हात आहेत. त्या हातांना शरीरे नाहीत. एक मुंडके त्याच्या तोंडावर थुंकते आहे आणि तेही असेच अधांतरी आहे. खाली पायरीवर मेरी बसली आहे, पण तिची नजर दुसरीकडे आहे. तिच्यासमोर या मठातल्या संन्याशांच्या पंथाचे संस्थापक संत डॉमिनिक मांडीवरच्या पुस्तकात डोके घालून बसले आहेत. पाहुण्यांनी येऊन कौतुक करावे म्हणून हे चित्र काढलेलेच नाही. या खोलीत राहणाऱ्या एका माणसाने रोज त्याच्यासमोर बसून चिंतन करावे, एवढाच त्याचा हेतू होता आणि म्हणूनच चित्रकाराने हकिकत रंगवण्याऐवजी अपमान तेवढा रंगवला, असे मला वाटते. त्या खोलीत काही वेळ माझ्याखेरीज कोणीही नव्हते. अशा चित्रासमोर तसा वेळ मिळणे हे मी भाग्यच समजते.

दुपारी ट्रॅमने काशिने उद्यानाकडे निघाले. आर्नो नदीच्या काठाने लांबच लांब पसरलेले हे उद्यान एके काळी मेदिची घराण्याच्या मालकीचे होते. त्याच्या पश्चिम टोकाला, मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो त्या संगमावर, कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री आहे. लहानपणापासून ‘राजाराम कॉलेज’ हे नाव तोंडात असलेल्या मला ही जागा पाहायचीच होती. ट्रॅममधून उतरल्यावर झाडांच्या रांगांमधून पुष्कळ चालावे लागते. वाटेत सायकलस्वार, पळणारी तरुण मुले आणि कुत्र्यांना फिरवणारी वयस्क माणसे भेटली. पर्यटक म्हणावा असा मात्र एकही दिसला नाही.

हे राजाराम महाराज म्हणजे १८६६ मध्ये दत्तक म्हणून कोल्हापूरच्या गादीवर आलेले तरुण राजे. १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले आणि परतीच्या प्रवासात आजारी पडून ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. तेव्हा त्यांना एकविसावे वर्ष चालू होते. फ्लॉरेन्स त्या काळी इटलीची राजधानी होती आणि प्रेत जाळण्याची कल्पनाच तेथील लोकांना परकी होती. इटलीतले पहिले दहनगृहसुद्धा मिलानमध्ये १८७६ साली सुरू झाले. तरीही बरोबरच्या माणसांनी अधिकाऱ्यांची परवानगी मिळवली, दोन प्रवाह एकत्र येतात अशी जागा शोधली आणि आपल्या राजाचे अंत्यसंस्कार आपल्या रीतीने केले. परमुलखात, भाषा येत नसताना, हातात वेळ नसताना त्या लोकांनी संगमाचा आग्रह धरला, याचे मला सगळ्यात जास्त वाटले. त्यांच्यापैकी कोणाचे नाव आज आपल्या तोंडी नाही.

छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा आणि आतला अर्धपुतळा चार्ल्स फुलर यांचा असून हे स्मारक १८७४ मध्ये उभे राहिले. आपल्याकडचा नवा राजवाडा ज्यांनी आखला, तेच हे मँट. कमानी, खांब आणि घुमट पाहताना ओळखीच्या गावी आल्यासारखे वाटत होते. पुतळा रंगवलेला आहे: डोक्यावर पागोटे, गळ्यात दागिने आणि त्याखाली एक अगदी कोवळा चेहरा. माझा धाकटा मुलगा आज त्याच वयाचा आहे. मी कठड्याशी उभी राहून त्या चेहऱ्याकडे पाहत राहिले आणि मला रडू आले; ते आवरण्याची गरजही वाटली नाही.

महाराजांनी या प्रवासात इंग्रजीत रोजनिशी लिहिली होती. त्यांच्यासोबत असलेल्या कॅप्टन वेस्ट यांनी ती संपादित करून १८७२ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केली. युरोप पाहून आलेल्या या तरुणाने पुढे राज्य कसे चालवले असते, हा विचार मनातून जाईना. शाहू महाराज गादीवर येण्यापूर्वीची ही वर्षे आपण कोल्हापूरकर फार घाईने ओलांडतो. शाळेत आम्हांला या राजांविषयी एखादी ओळही शिकवल्याचे मला आठवत नाही आणि त्याचे आज मनापासून वाईट वाटले. जवळच १९७८ मध्ये बांधलेला एक उंच मनोऱ्यांचा पूल आहे आणि त्याला या राजावरूनच ‘भारतीयाचा पूल’ असे म्हणतात. दररोज त्यावरून जाणाऱ्या फ्लॉरेन्सकरांना त्या राजाची आठवण अशी सहज राहते; आपण ती मुद्दाम ठेवायला हवी.

रात्री जेवताना आधी यांनी मोटारींचे वर्णन केले, मग मी छत्रीचे. फोटो पाहून झाल्यावर हे स्वतःहूनच म्हणाले, की उद्या रोमची गाडी दुपारची आहे, तर सकाळी लवकर उठून दोघेही जाऊन येऊ. मी लगेच होकार दिला आणि फुले कोठे मिळतील, हे हॉटेलच्या बाईंना विचारून ठेवले आहे.