तुम्ही विचारलंत म्हणून: सापाखालची मॅट किती डिग्रीवर ठेवायची?

ब्रिटनमध्ये, लेस्टरला आमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस आधी विचारतो, "चावत नाही ना?" चहा होईपर्यंत भीड चेपलेली असते. मग तो पेटीजवळ जाऊन वाकून बघतो, खालून निघालेली वायर त्याला दिसते आणि दुसरा प्रश्न येतो, "ही गरम मॅट किती डिग्रीवर ठेवता?" मुलांच्या हट्टापायी नुकताच साप घेतलेल्या आया तर गणपतीच्या आरतीनंतर मला कोपऱ्यात गाठून हेच विचारतात. त्यांना एक आकडा हवा असतो, फोनमध्ये लिहून घ्यायला.

आकडा देते. कॉर्न स्नेकसाठी उबदार टोकाला, साप जिथे प्रत्यक्ष अंग टेकतो तिथे, 30 ते 32 अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला 20 ते 24. पण हा आकडा थर्मोस्टॅटच्या, म्हणजे तापमान बघून मॅट चालू-बंद करणाऱ्या यंत्राच्या, चकतीवर लावून मोकळं होता येत नाही, म्हणून पुढचं एवढं लांबण. चकतीवर असतो तो प्रोबच्या, म्हणजे त्याच्या तापमान मोजणाऱ्या वायरच्या, टोकाशी असलेल्या तापमानाचा आकडा. साप प्रोबवर झोपत नाही.

आमचा साप कॉर्न स्नेक. फ्लोरिडा, जॉर्जिया, कॅरोलायना या अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, आपल्या धामणीच्या लांबच्या नात्यातला. मुलाने शाळेत असताना घेतला. मुलगा विद्यापीठात गेला, साप राहिला. हे साप पंधरा-वीस वर्षं जगतात हे घेताना माहीत होतं. त्यातली किती वर्षं कोणाच्या वाट्याला येणार, हे मात्र कोणी बोललं नव्हतं.

सापाचं शरीर आपल्यासारखी स्वतःची ऊब तयार करत नाही, ती त्याला बाहेरून घ्यावी लागते. उंदीर गिळला की तो उबेच्या जागी जाऊन पडतो. तिथे पुरेशी ऊब नसेल तर पचन रेंगाळतं, पोटातला उंदीर सडू लागतो आणि दोन-तीन दिवसांनी साप तो ओकून टाकतो. त्या वासाचं वर्णन करत नाही, तुमची जेवणाची वेळ असेल. पण म्हणून त्याला सतत ऊब हवी असते असंही नाही. पचन झालं, कात टाकून झाली, की तो उठून गार बाजूला जातो. कधी कुठे पडायचं ते तोच ठरवतो. आपण पेटीत फक्त दोन टोकं तयार करून द्यायची. म्हणून मॅट तळाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याखालीच ठेवायची. सगळ्या तळाखाली पसरली तर बिचाऱ्याने उकडल्यावर जायचं कुठे?

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: लपायची जागा दोन्ही टोकांना हवी. कॉर्न स्नेक भित्रा प्राणी आहे. गार बाजू उघडी असेल आणि लपण फक्त गरम बाजूला, तर उकाडा सोसूनही तो तिथेच बसून राहतो. मग बाई म्हणतात, "याला गरमच आवडतं हो, कधी बाहेरच येत नाही."

आता मॅटबद्दल. तिच्यात तापमान ठरवणारं काहीही नसतं. प्लास्टिकच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये कार्बनचे पट्टे असतात, त्यांतून वीज गेली की ते तापतात. चौदा वॉटची मॅट म्हणजे दर क्षणी तेवढीच उष्णता ओतत राहणारी वस्तू. आत येणारी आणि बाहेर निसटणारी उष्णता बरोबर होईपर्यंत ती तापत जाते आणि मग तिथे स्थिरावते. ते कुठे स्थिरावेल, हे तुमची खोली ठरवते. जानेवारीत खोली 15 वर असताना थर्मोस्टॅटशिवाय जी मॅट "अगदी बरोबर" वाटते, तीच जुलैत खोली 27 वर गेली की साधारण तेवढीच, म्हणजे दहा-बारा डिग्री वर चढते. मंद आचेवर तवा ठेवून विसरून जावं तसं. "आमची तर वर्षभर थर्मोस्टॅटशिवाय चालू आहे, काही झालं नाही," असं सांगणारे भेटतात. मी त्यांना महिना विचारते.

उष्णता निसटायला जागा नसली की प्रकरण आणखी चढतं. मॅटवरच्या काचेवर चार बोटं लाकडाचा भुसा टाकला तर वरून हात लावणाऱ्याला पेटी गार लागते. तो काय करतो? थर्मोस्टॅट वाढवतो. खाली काचेशी तापमान चढत जातं, कारण भुसा ते वर येऊच देत नाही. आणि कॉर्न स्नेकला भुशात घुसायची भारी हौस. तो थेट काचेपर्यंत पोचतो, पोट टेकून वेटोळं घालतो. पोळत असलं तरी साप पटकन उठत नाही. असं का होतं याबद्दल वेगवेगळी स्पष्टीकरणं ऐकू येतात, पण सापांच्या डॉक्टरांकडे पोट भाजलेले साप येतात हे खरं. पोटाचे खवले लालसर-तपकिरी होतात, फोड येतात. सापाला सरपटायचं पोटावरच, त्यामुळे जखम भरून यायला कितीतरी काती जाव्या लागतात.

म्हणून माझा नियम असा: तापमान मोजायचं ते साप पोचू शकेल अशा सगळ्यात गरम जागी. म्हणजे भुशाखाली, काचेच्या आतल्या बाजूला, मॅटच्या बरोबर मध्यावर. तिथे 32 च्या वर जाता कामा नये. आणि मॅटवर भुशाचा थर पातळ, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर. खोल घुसायची हौस भागवायला दुसरी बाजू आहे.

प्रोब कुठे लावायचा यावर इथले साप पाळणारे तावातावाने भांडतात. आत, काचेवर लावला तर तो खरं तापमान वाचतो. पण साप त्याला ढकलतो, त्यावर मुततो, पाण्याचं भांडं उलटं करतो. प्रोब जागेवरून हलून गार बाजूला पडला की थर्मोस्टॅटला वाटतं पेटी थंड पडली आहे, आणि तो मॅट चालूच ठेवतो. काचेच्या पेटीसाठी मी प्रोब बाहेर, मॅट आणि काच यांच्या मध्ये बसवते. तिथे सापाचं तोंड पोचत नाही. अर्थात तिथलं तापमान आतल्यापेक्षा जास्त असतं, म्हणून आमच्या चकतीवर 34-35 असतं तेव्हा आत काचेवर 31 मिळतं. हा फरक तुमच्या काचेच्या जाडीवर आणि खोलीवर ठरेल, माझा उचलू नका. आतला आकडा सांगायला एक वेगळा, वायरवाला डिजिटल थर्मामीटर लागतो, आणि तो घ्याच. थर्मोस्टॅटने स्वतःच स्वतःची साक्ष द्यायची, हे मला पटत नाही. प्रोब किंवा थर्मामीटरची वायर पेटीच्या आत चिकटपट्टीने मात्र कधीच लावू नका. पट्टी सुटते, सापाला चिकटते आणि ती सोडवताना खवल्यांसकट कातडी निघते.

काचेला चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर दुकानात स्वस्त मिळतात. ते भिंतीजवळच्या हवेबद्दल काहीतरी अंदाजे बोलतात, तेही मनात आलं तर. इन्फ्रारेडची बंदूक चांगली, पण ती पृष्ठभागाचं तापमान वाचते. बंद काचेतून आत नेम धरला तर ती काचेचंच तापमान सांगते, आतल्या दगडाचं नाही.

थर्मोस्टॅटचे प्रकार मुख्यतः तीन. साधा चालू-बंद करणारा मॅटला पुरतो. तापमान एक-दोन डिग्री खाली-वर झुलतं, सापाला त्याचं काही वाटत नाही. पल्स प्रकारचा मॅटला विजेचे छोटे छोटे झटके देत राहतो, त्यामुळे झुलणं कमी होतं, थोडा महाग. आणि तिसरा डिमर, तो दिव्यांसाठी. दिवा चालू-बंद थर्मोस्टॅटवर लावला तर दिवसभर लुकलुकत बसतो आणि लवकर जातो. सगळं जोडून झाल्यावर एक दिवस आणि एक रात्र पेटी सापाशिवाय चालवून बघा. मुलं रडतील, रडू द्या.

बिलाची काळजी आमच्या पुण्याच्या आत्यांना सगळ्यात जास्त. चौदा वॉटची मॅट चोवीस तास न थांबता चालली तरी युनिटचा तिसरा हिस्सा होतो, आणि थर्मोस्टॅट असल्यावर ती तेवढी चालत नाही. खर्च खरा होतो तो खोली गरम ठेवण्याचा, कारण मॅट हवा तापवत नाही. तिला टेकलेलं तेवढं तापतं. इथे रात्री घर तापवणारा बॉयलर बंद झाला की खोली 15-16 वर येते, आणि पेटीचं गार टोकही जवळपास तिथेच जातं. पोट रिकामं असलेल्या निरोगी, मोठ्या कॉर्न स्नेकला रात्री 18 पर्यंत चालतं. त्याच्या मूळ मुलखातही हिवाळा असतो आणि तिथे तो थंडीत सुस्तावून पडतो. पण पोटात उंदीर असताना ही थंडी नको. थंडीची लाट असेल त्या आठवड्यात मी खाणं पुढे ढकलते. मोठा साप एवढ्याने उपाशी मरत नाही.

उलट बाजूने बोलायचं तर थर्मोस्टॅट पेटी थंड करू शकत नाही, हे इथे सगळ्यांना जुलै 2022 मध्ये कळलं. 19 तारखेला लिंकनशरमधल्या कॉनिंग्सबीला 40.3 अंशांची नोंद झाली, ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच चाळिशीच्या वर. इथल्या घरांना एसी नसतो, भिंती उष्णता धरून ठेवायला बांधलेल्या. थर्मोस्टॅटने मॅट कधीच बंद केली होती, तरी पेटीचं गार टोक 30 च्या वर. आम्ही पेटी खालच्या मजल्यावर उत्तरेच्या खोलीत नेली, पडदे ओढले, मोठं पाण्याचं भांडं आत ठेवलं आणि गोठवलेली बाटली पंच्यात गुंडाळून एका टोकाला बाहेरून टेकवली. साप भांड्यात जाऊन बसला. नागपूरच्या माणसाला यात बातमी दिसणार नाही, पण इथल्या लोकांनी त्या आठवड्यात सापांसाठी फ्रीजर रिकामे केले होते.

मॅट सगळीकडे चालतच नाही, हेही सांगून ठेवते. लाकडी पेटीखाली लावून उपयोग नाही, लाकूड उष्णता अडवतं आणि मॅट स्वतःच भाजून निघते. काचेच्या पेटीखालीही हवा खेळायला थोडी फट हवी, नाहीतर तळाची काच तडकू शकते. पूर्वी सांगायचे की सापाला पचनासाठी पोटाखालचीच ऊब लागते. आता त्यावर फारसं कोणी अडून बसत नाही. रानात उष्णता सूर्याची, वरून येते, आणि तापलेली जमीन ती संध्याकाळी परत देते. त्यामुळे मोठ्या लाकडी पेट्यांमध्ये हॅलोजन दिवा जाळीत बसवून वरून ऊब देणारे वाढले आहेत, आणि मला ते पटतं; चार-पाच फुटी सापाला सगळं अंग शेकता येतं. पण लहान पिल्लू, लहान काचेची पेटी आणि बऱ्यापैकी उबदार खोली असेल तर मॅटला नावं ठेवायचं कारण नाही.

"मग मीही नाशिकला एक पाळतो," असं म्हणणारा भाचा प्रत्येक घरात एक असतो. त्याला उत्तर: आपल्याकडचा कुठलाही साप घरात पाळता येत नाही, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. अंगणात निघालेली धामण पेटीत ठेवून खाली मॅट लावली, तर वनखात्याचा माणूस तापमान विचारणार नाही. साप निघाला तर सर्पमित्राला किंवा वनविभागाला 1926 वर फोन करायचा. बॉल पायथनसारखा आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं असलेला परदेशी साप असेल, तर त्याची सरकारकडे नोंदणी लागते, 2024 च्या नियमांनी. आणि समजा सगळे कागद असले, तरी नाशिकमध्ये वर्षातले बरेच महिने मॅटपेक्षा गार कोपऱ्याचीच चिंता करावी लागेल.

शेवटचं, कारण हेही विचारतात: जुनी मॅट घेतली तर चालेल का? पेटी जुनी घ्या, खुशाल. भांडी, लपणं, सगळं धुऊन वापरता येतं. मॅट नाही. कोणीतरी ती एकदा तरी दुमडून कपाटात ठेवलेली असते, घडीवर आतला कार्बनचा पट्टा तुटतो किंवा बारीक होतो आणि तेवढीच जागा बाकीच्या मॅटपेक्षा भलतीच तापू लागते. प्रोब तिथे नसतो, त्यामुळे थर्मोस्टॅटला पत्ता लागत नाही. घडीची रेघ, तपकिरी डाग किंवा फुगवटा दिसला की मी विचार करत नाही, कातरीने वायर कापते, म्हणजे कचऱ्यातून उचलून दुसरं कोणी लावायला नको.