गुडघ्याच्या वाटीतली गाठ: निदान कुठे चुकतं

पर्वतीच्या पायऱ्या किंवा सिंहगड उतरल्यावर गुडघा पुढून दुखणं पुण्यात इतकं सर्रास आहे, की 'वाटी घासतेय' म्हटलं की विषय संपतो. बहुतेकदा ते खरंही असतं. पण बसल्याजागी, रात्री झोपेतही ठणकत असेल, थेट वाटीच्या हाडावर बोट दाबल्यावर कळ येत असेल आणि दीड-दोन महिने व्यायाम करूनही उतार नसेल, तर वाटीच्या आत बघायलाच हवं. तिथल्या गाठी दुर्मिळ असतात आणि बहुतांश कर्करोगाच्या नसतात. जास्त आढळतात त्या जायंट सेल ट्यूमर (अनेक केंद्रकं असलेल्या मोठ्या 'जायंट' पेशींची गाठ) आणि कॉन्ड्रोब्लास्टोमा (कूर्चेच्या कोवळ्या पेशींची गाठ). त्यांच्यामागे अन्युरिझमल बोन सिस्ट, म्हणजे हाडातली रक्ताने भरलेली पोकळी.

चूक बहुधा एक्स-रेपासूनच सुरू होते. समोरून काढलेल्या फोटोत वाटी मांडीच्या हाडावर येते आणि त्या दाट सावलीत गाठीने हाडात केलेली पोकळी हरवते. म्हणून बाजूचा फोटो आणि गुडघा वाकवून, वाटीच्या लांबीच्या दिशेने काढलेला स्कायलाइन फोटो, हे दोन्ही चिठ्ठीवर नाव घालून मागावेत. उलटी चूकही होते: वाटीच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात मुलांमध्ये गोल, स्वच्छ कडेचा डाग दिसतो किंवा हाडाचा तुकडा वाढीच्या वयात न जुळता सुटाच राहिलेला असतो. या दोन्हींना तपासणीसाठी सुई लावायची गरज नसते.

एमआरआयमध्ये द्रवाचे आडवे थर दिसले की अहवालात अन्युरिझमल सिस्ट लिहिली जाते. तिथे थांबू नये. जायंट सेल ट्यूमर आणि कॉन्ड्रोब्लास्टोमा यांच्यातही असे थर तयार होतात. खरी गाठ घट्ट भागात असते आणि नमुना तिथूनच घ्यायला हवा. कॉन्ड्रोब्लास्टोमा साधारण दहा ते पंचविशीत आढळतो आणि भोवतीच्या हाडाला भरपूर सूज असते. त्यातले चुन्याचे बारीक ठिपके सीटीत जास्त स्पष्ट दिसतात. जायंट सेल ट्यूमर सहसा विशीनंतरचा.

बायॉप्सीआधीच्या (गाठीचा तुकडा काढून तपासण्याआधीच्या) रक्ततपासण्यांबद्दल आम्ही हट्टी आहोत: कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक), व्हिटॅमिन डी, दाह दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी, युरिक ॲसिड. मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथीच्या विकारात हाडात होणारा ब्राऊन ट्यूमर सूक्ष्मदर्शकाखाली जायंट सेल ट्यूमरसारखाच दिसतो. पीटीएच न पाहता हाड खरवडलं, तर रुग्णाला नको ती शस्त्रक्रिया घडते आणि मूळ आजार मानेत तसाच राहतो. गाऊटचा, म्हणजे साठलेल्या युरिक ॲसिडचा खडाही वाटीत पोकळी करतो. क्षयरोगही करतो, आणि आपल्याकडे तो यादीत वरच ठेवावा.

बायॉप्सी पुढून, मधोमध, नंतरच्या शस्त्रक्रियेचा उभा छेद जिथे येणार त्याच रेषेत करावी. वाटी त्वचेखालीच असल्याने वाट सोपी आहे. दुर्बिणीतून, सांध्याच्या आतल्या बाजूने तुकडा काढला तर गाठीच्या पेशी सगळ्या सांध्यात पसरू शकतात. पुढची शस्त्रक्रिया जो सर्जन करणार, त्यानेच बायॉप्सी करावी किंवा निदान जागा तरी ठरवून द्यावी.

नमुना दोन भागांत पाठवायचा. एक फॉर्मलिनमध्ये (पेशी टिकवणाऱ्या द्रावात), दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये, क्षयरोगाच्या जीनएक्स्पर्ट (जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी). सगळाच फॉर्मलिनमध्ये बुडवला की कल्चर संपलं. हाड मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं तर जनुकीय तपासणी बिघडते. हाड मऊ करणारं दुसरं रसायन, ईडीटीए, वेळ घेतं, पण डीएनए टिकवतं. निदान अडलं असेल तर जायंट सेल ट्यूमरसाठी एच३ जी३४डब्ल्यू आणि कॉन्ड्रोब्लास्टोमासाठी एच३ के३६एम हे मार्कर (त्या त्या गाठीतले जनुकीय बदल ओळखणाऱ्या खुणा) मागावेत. अन्युरिझमल सिस्टची शंका असेल तर यूएसपी६ जनुकाची तपासणी. डबीसोबत एक्स-रे, वय आणि रक्ताचे अहवाल पॅथॉलॉजिस्टकडे गेलेच पाहिजेत, कारण नुसत्या काचपट्टीवर जायंट पेशी अर्धा डझन आजारांत दिसतात.

जायंट सेल ट्यूमर ठरला तर छातीचा सीटीही करावा. ही गाठ साधी, म्हणजे कर्करोगाची नसूनही क्वचित फुप्फुसात पोचते.