डाग

आज फ्रेमवाल्याकडे जाऊन आले. फुल्यांच्या टाक्यांनी भरलेलं घराचं चित्र टेबलावर उलगडलं, चारही कोपऱ्यांना हात फिरवला त्याने, ‘वा’ म्हणाला. मग खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "काकू, इथे पायरीवर डाग पडलाय. आधी काढून आणा, नंतर काच लागली की काही करता येणार नाही."

मी "बरं" म्हटलं, गुंडाळलं आणि घरी आले. डाग नाहीये तो, एवढंसुद्धा बोलले नाही.

कापडावरचे १९६ बाय २५२ चौकोन, म्हणजे घरं. एका घरात एक फुली, ४९,३९२ फुल्या. दोन वर्षं चार महिने. नुसत्या कौलांना तांबड्या-तपकिरीच्या नऊ छटा, आणि आभाळाचा तो कंटाळवाणा राखाडी तर संपता संपेना. एक लड आठ मीटरची, सहा पदरांतले दोनच ओढायचे, तरी राखाडीच्या अकरा लड्या गेल्या. गेल्या दिवाळीत माडाच्या झावळ्या एका घराने सरकल्याचं लक्षात आलं तेव्हा तीन रात्री नुसती उसवत बसले होते. चष्म्याचा नंबर वाढला. कुणी सांगितलं होतं म्हणा. ताईने तर नाहीच. साठीला तिला मिक्सर दिला असता तर वापरला तरी असता.

पण डाग?

फोटोवरून संगणकाने नक्षी काढून दिली, तेव्हा पायरीवर नुसती पाच-सहा रंगांची खिचडी होती. ती मी खोडली आणि आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने पुन्हा मांडली. सात घरं रुंद, अकरा घरं उंच. पोपटीच्या दोन छटा, केसांना काळा, गुडघ्यावर ठेवलेल्या हाताला तीन फुल्या. सगळं घर भरून झालं, तुळस झाली, ओटीवरचा झोपाळा झाला, तरी ती जागा कोरीच ठेवली होती. गेल्या गुरुवारी भरली. हे बाहेर गेले होते ते बरं झालं.

आणि त्या माणसाला डाग दिसला.

संध्याकाळी मीच दाराशी टेकवून लांबून बघितलं. खरं सांगायचं तर डागच दिसतो. इंचाला चौदा घरं असलेल्या कापडावर अकरा घरं म्हणजे जेमतेम पाऊण इंच. चेहऱ्याच्या वाट्याला दोन फुल्या आल्यात, एकाखाली एक. दोन फुल्यांत कोण ओळखू येणार? मला येतं, कारण मला माहीत आहे. ताईला येईल का? तिने "हे काय गं इथे?" असं विचारलं तर मी सांगणार आहे का? आणि विचारलंच नाही, नुसतं "किती सुंदर, केवढी मेहनत" म्हणून भिंतीवर लावलं तर?

त्या फोटोवरून आमचं जे झालं होतं, ते असो.

मग वाटलं, ठेवूनच घ्यावं आपल्याकडे. ताईला साडी घेऊ. खरंच तासभर हेच डोक्यात होतं, कोणत्या दुकानात जायचं इथपर्यंत. मग कुकर लावला, आणि तिसऱ्या शिट्टीला माझं मलाच हसू आलं. अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास हजार फुल्यांचं कौतुक त्याने केलंच की. मी अडून बसलेय दोन फुल्यांवर.

जेवणं झाल्यावर दिव्याखाली घेऊन बसले. आधी वाटलं कडेने काळा बखिया घालावा, म्हणजे माणूस आहे एवढं तरी कळेल. दोन टाके घातले, ती एकदम कोंडल्यासारखी दिसायला लागली. उसवले. मग लाल दोऱ्याचा एकच पदर सुईत ओवला, सुईला एक वेढा दिला आणि गाठीचा टाका मारला. कुंकू. मॅटीच्या कापडावर एवढी बारीक गाठ बसेल कशी! वरची फुली जवळजवळ झाकूनच गेली. चेहऱ्यापेक्षा कुंकू मोठं.

तसं ते होतंच मोठं. ठेवलं.

उद्या अकराला त्याच्याकडे नेऊन देते. आता विचारेल, काकू, डाग लाल कसा झाला.