डोळे मिटून जेवणारी

इस्तंबूलला येऊन मला तीन आठवडे झाले होते. सकाळी नऊला मुलाखत होती. गल्लीच्या उतारावरून मी झपाझप निघाले होते, तेवढ्यात डावीकडच्या गाडीखालून एक काळं मांजर बाहेर आलं आणि निवांत रस्ता ओलांडायला लागलं. माझे पाय थांबले. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही हे मी कॉलेजपासून सगळ्यांना ठासून सांगत आले आहे, पण पायांना ते कोणी कळवलेलं नाही. कोणीतरी पुढे जाऊ दे, मग आपण जाऊ, म्हणून मी उभी राहिले. कोपऱ्यावरचे दुकानदार काका हे सगळं बघत होते. मांजर पलीकडे पोचलं तशी त्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली आणि म्हणाले, "आफेरिन, कझम!" म्हणजे शाब्बास, पोरी. त्यांना वाटलं, मी मांजराला वाट दिली.

इथे तुम्ही प्रत्येक आडव्या मांजरासाठी थांबलात तर संध्याकाळपर्यंत गल्लीच्या टोकाला पोचणार नाही. मी राहते त्या कादिकॉय भागात मांजर दिसलं नाही तर काहीतरी बिघडलंय असं समजायचं. दुकानाच्या वजनकाट्यावर, मोटारसायकलच्या सीटवर, एटीएमच्या वर, फेरीबोटीच्या धक्क्यावरच्या बाकावर मांजर असतंच. बाकावर असेल तर माणसं उभी राहतात, त्याला उठवत नाहीत. दर चार घरांमागे भिंतीला टेकवलेली पाण्याची वाटी आणि शेजारी कोरड्या खाण्याचा ढीग. त्या खाण्याला म्हणतात 'मामा', आणि लहान बाळाच्या खाण्यालाही मामाच. आपल्याकडे बाळाला भरवताना 'मम्मं' म्हणतो, ते आठवून मी दुकानात एकटीच हसले होते. जुन्या काळी इथे गल्लोगल्ली फिरून भटक्या कुत्र्यामांजरांसाठी काळीज विकणारे लोक असत. तुम्ही पैसे द्यायचे, त्यांनी जनावरांना खाऊ घालायचं, पुण्य तुमच्या खात्यावर. त्या खाण्याला शब्द होता 'मांजा'. मी आनंदाने उडालेच, पण शब्दाचा आपल्या मांजराशी काही संबंध नाही. तो इटालियनमधून आलाय आणि मुळात त्याचा अर्थ 'खा' एवढाच.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक बाई राहतात, सत्तरीच्या. सगळे त्यांना 'तेय्झे' म्हणतात. तुर्कीत आत्याला वेगळा शब्द आहे आणि तेय्झे म्हणजे नेमकी आईची बहीण, मावशी. वाघाची मावशी मला लहानपणापासून माहीत होती, मांजरांची मावशी इथे भेटली.

पहाटे सहाला दाराची कडी वाजते, 'पिसी पिसी पिसी' अशी हाक येते आणि गाड्यांच्या खालून शेपट्या उभ्या करून सैन्य निघतं. मावशी वर्तमानपत्रावर उकडलेल्या काळजाचे तुकडे मांडतात, प्रत्येकासाठी वेगळा ढीग, कारण एकत्र ठेवलं तर दांडगा बोका सगळं संपवतो. नखाएवढे तुकडे दात नसलेल्या एका म्हाताऱ्या मांजरीसाठी. आता ऐका. मावशींच्या घरात एकही मांजर नाही. त्या कोणाला उंबरठा ओलांडू देत नाहीत. "केस उडतात, गालिचा खराब होतो," हे त्यांचं स्पष्टीकरण. ही मांजरं त्यांची नाहीत, ती गल्लीची. कोणी आजारी पडलं तर महापालिकेची जनावरांच्या डॉक्टरांची बस येते तिथे टोपलीत घालून नेतात, नसबंदी करून आणून पुन्हा त्याच गाडीखाली सोडतात. 2004 सालच्या प्राणीसंरक्षण कायद्यात हेच ठरलं होतं: पकडायचं, नसबंदी आणि लसीकरण करायचं, होतं तिथे परत सोडायचं. 2021 मध्ये कायदा बदलून जनावर ही 'वस्तू' नसून सजीव आहे अशी दुरुस्ती झाली. मावशींना कायद्याचा नंबरही माहीत आहे, 5199. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्यातल्या वासावरून भांडायला आले की त्या तो नंबर तोंडावर फेकतात. गृहस्थांचंही फार चुकतं असं मला वाटत नाही. जुलैमध्ये तो वास तुम्ही घेतलेला नाही.

तर एका सकाळी मी पायरीवर बसून हे जेवण बघत होते. ती दात नसलेली म्हातारी डोळे मिटून चघळत होती. मावशी कौतुकाने म्हणाल्या, "बघ, बघ, नान्क्योर!" मी अर्थ विचारला. कृतघ्न. शिवी अशी नव्हे, आपण पोराला 'गधड्या' म्हणतो तशी. मग त्यांनी समजावलं: मांजर खाताना डोळे मिटतं ते देणाऱ्याचं तोंड दिसू नये म्हणून. म्हणजे उपकार लक्षात ठेवायचा प्रश्नच नको. मी शब्द शोधला तेव्हा थक्क झाले. मूळ फारसी, नान अधिक कोर. नान म्हणजे भाकरी, आपल्याला हॉटेलातून माहीत असलेलाच, आणि कोर म्हणजे आंधळा. भाकरीचा आंधळा! आपण मीठ खातो आणि त्या मिठाला जागतो किंवा जागत नाही, यांच्या शब्दात नुसतं डोळे मिटणं आहे.

आणि आपल्याकडे? मांजर डोळे मिटून दूध पितं, कारण त्याला वाटतं आपल्याला कोणी पाहत नाही. तेच मिटलेले डोळे. आपण त्यात चोर पाहिला, यांनी कृतघ्न. खरं सांगायचं तर आपलं वाचन जास्त कडवट आहे आणि जुनंही आहे. मनुस्मृतीत ढोंगी माणसाला 'बैडालव्रतिक' म्हटलंय, म्हणजे मांजराचं व्रत घेतलेला, वरून साधू आणि आतून टपलेला. अशा ब्राह्मणाला पाणीसुद्धा देऊ नये म्हणतात. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या त्या प्रचंड शिल्पात खाली एका कोपऱ्यात मागच्या दोन पायांवर उभं राहून तप करणारं मांजर आहे, भोवती उंदीर. कोणा पल्लव कारागिराने गंभीर तपस्व्यांच्या गर्दीत हा विनोद कोरला आणि तो तेराशे वर्षं टिकला.

पण याच मांजराला आपल्याकडे एक उलटा मानही मिळालाय, तो फारसा कोणी सांगत नाही. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांमध्ये वाद होता, देव भक्ताला तारतो तो कसा? एक पक्ष म्हणाला, माकडिणीच्या पिल्लासारखा. पिल्लानेच आईला घट्ट धरायचं. दुसरा म्हणाला, मांजरीच्या पिल्लासारखा. पिल्लू काही करत नाही, आई मानगुटीला धरून नेईल तिकडे जातं. मार्जारन्याय म्हणतात तो हा. ढोंग्याची उपमा मांजर आणि देवाच्या कृपेची उपमाही मांजर. मांजरीने दोन्ही वेळा वेगळं काहीच केलेलं नव्हतं.

(ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये एक प्रयोग छापला: माणसाने मांजराकडे बघून सावकाश डोळे मिटले, तर मांजरही तसंच करतं आणि जवळ यायची शक्यता वाढते. थोडक्यात, तो स्नेहाचा इशारा असावा. मी मावशींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते बघताना. खाताना नाही." वाद घालण्यात अर्थ नव्हता.)

भारतातून कोणी आलं की विचारतात, इथले लोक इतके प्राणिप्रेमी कसे? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. हे प्रेम 'प्राण्यांवर' नाही, मांजरावर आहे, आणि त्याला कारणं आहेत. एक हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनाची जुनी नोंद, इथे पुष्कळांना माहीत असतो. अबू कतादा नावाचे पैगंबरांचे सहकारी नमाजाआधी हातपाय धुवायला बसले, मांजर पाणी प्यायला आलं, तर त्यांनी भांडं तिरकं करून धरलं. सून बघतच राहिली. ते म्हणाले, पैगंबरांनी सांगितलंय, ती अपवित्र नाही, ती तुमच्याभोवती वावरणाऱ्यांपैकीच आहे. हे एक वाक्य मांजराला थेट मशिदीच्या गालिच्यावर घेऊन गेलं. आयासोफ्या या तेव्हाच्या संग्रहालयात, जे त्याआधी मशीद होतं, ग्ली नावाची किंचित तिरळी मांजरी कित्येक वर्षं राहायची. 2009 मध्ये बराक ओबामा बघायला आले तेव्हा त्यांनी तिला कुरवाळल्याचे फोटो आहेत. 2020 च्या जुलैत ते संग्रहालय पुन्हा मशीद झालं, तेव्हा जगभरच्या लोकांनी विचारलं, ग्लीचं काय? सरकारला जाहीर करावं लागलं की ती तिथेच राहील. त्याच नोव्हेंबरात ती गेली.

कुत्र्याला ते वाक्य लाभलं नाही. 1910 मध्ये शहर आधुनिक करण्याच्या नादात हजारो कुत्री पकडून मार्मारा समुद्रातल्या सिव्रिआदा या उजाड बेटावर सोडून दिली. ती तिथे उपाशी मेली. त्या बेटाला लोक 'हायिर्सिझ आदा' म्हणतात, ज्यात काही भलं नाही असं बेट. फेरीतून ते लांबून दिसतं. 2024 मध्ये भटक्या कुत्र्यांना उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा नवा कायदा आला, तेव्हा विरोध करणाऱ्यांनी त्याच बेटाची आठवण काढली. मावशी त्या आठवड्यात कोणाशी फार बोलल्या नाहीत.

आणि मांजरांचंही सगळं गोडच आहे असं नाही. 1 जानेवारी 2024 ला शहराच्या एका वसाहतीत एका माणसाने इरोस नावाच्या मांजराला लाथांनी मारून टाकलं, कॅमेऱ्यात सगळं दिसलं. पहिल्या निकालात तो माणूस तुरुंगाबाहेर राहिला. लोक रस्त्यावर उतरले, पुन्हा खटला चालला आणि मार्चमध्ये अडीच वर्षांची शिक्षा झाली. आमच्या गल्लीत तेव्हा दोन तट होते. निम्मे म्हणत अडीचच वर्षं? उरलेले म्हणत माणसांच्या खटल्यांत एवढी माणसं जमतात का? दोघंही बोलता बोलता मांजराला खाऊ घालत होते, हे मात्र मी पाहिलंय.

घरापासून थोड्या अंतरावर तोंबिलीचा पुतळा आहे. तोंबिली म्हणजे गोलमटोल. ही लठ्ठ मांजरी फुटपाथच्या पायरीवर कोपर टेकवून, चहा पिऊन गप्पा मारायला बसलेल्या काकांसारखी बसायची. तो फोटो जगभर फिरला. 2016 च्या ऑगस्टमध्ये ती मेली, हजारो लोकांनी सह्या केल्या आणि ऑक्टोबरात त्याच जागी तशाच पोझमध्ये तिचा ब्राँझचा पुतळा बसला. महिन्याभरानंतर तो चोरीला गेला. शहर एवढं हळहळलं की दोन दिवसांत परत आला. मी गेले तेव्हा पुतळ्यासमोर कोणीतरी मामा ठेवला होता आणि एक खरंखुरं मांजर तो खात होतं.

मागच्या एप्रिलमध्ये आई आली. सगळं आधी फोनवर सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही बाहेर पडलो, तर पहिल्याच वळणावर तीच काळी, आता जाडजूड झालेली. मी आईचा दंड धरला, म्हटलं ही आता थांबणार. पण मांजरच थांबलं. गल्लीच्या मधोमध बसलं, एक पाय वर करून अंग चाटायला लागलं. आडवं जाऊन संपलं असतं तर आईकडे उपाय होता. अर्धवट आडवं गेलेल्या मांजराला मात्र काहीच नियम नाही.

आईने थोडा वेळ वाट पाहिली. मग हाताने हवेत वारा घालत म्हणाली, "शुक् शुक्!"

इथे मांजराला हाकलायला 'पिस्त' म्हणतात आणि बोलवायला 'पिसी पिसी'. आईचं शुक् शुक् त्या कानांना कशासारखं लागलं ते उघड आहे. काळी उठली आणि सरळ आमच्याकडे आली. निळ्या गाडीखालून दोन निघाली. दुकानाच्या खोक्यातून एक. मावशींच्या खिडकीखालची म्हातारी सर्वांत शेवटी, लंगडत. पाच मांजरं शेपट्या उभ्या करून आईच्या साडीभोवती फिरायला लागली आणि दुकानदार काका आतून ओरडले, "माशाल्लाह!"

आईने खाली पाहिलं. निऱ्या जरा वर उचलून धरल्या. मग मला म्हणाली, "आडवी नाही ना गेली कोणी? समोरून आली. चल."