इनामगावच्या दातांवरच्या खाचा

आज दिवसभर डोक्यात इनामगावची मडक्यांतली लेकरं आहेत. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचं हे ताम्रपाषाणयुगीन गाव डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उकरलं. दोन करड्या मडक्यांची तोंडं एकमेकांना भिडवलेली, आत पुरलेलं मूल, वर राहत्या घराची जमीन. मोठी माणसं उताणी पुरलेली, पावलं घोट्यापासून तोडलेली. मेलेल्यानं भूत होऊन पळू नये म्हणून, असा अर्थ लावतात. तो अंदाज. दात मात्र मोजता येतात.

हाड आयुष्यभर स्वतःची डागडुजी करत राहतं. दंतवल्काला, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थराला, ते जमत नाही. ते घडत असताना मोठं आजारपण किंवा उपासमार झाली की आडवी खाच पडते आणि ती कधीच भरून येत नाही. दुधाच्या दातांचं काम आईच्या पोटात चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरू होतं, म्हणून तान्ह्या बाळाचा दात आईच्या हालांबद्दलही बोलतो.

माती मऊ ब्रशनंच काढायची. सुईनं चुनखडीचं पुट खरवडलं की नवी रेघ उठते आणि तीच खाच म्हणून नोंदली जाते. तिरपा उजेड, दहापट भिंग. खाचेचं दाताच्या मानेपासूनचं अंतर मिलिमीटरमध्ये घ्यायचं, त्यावरून खाच पडली तेव्हाचं वय निघतं. मग जोडीचा, म्हणजे जबड्याच्या दुसऱ्या बाजूचा तोच दात बघायचाच. दोन्हीकडे त्याच उंचीवर खाच असेल तर दुखणं सगळ्या अंगाचं. एकाच बाजूला असेल तर बहुधा मार लागलेला. प्रौढांत अडचण वेगळी: दाताचा माथा आधी घडतो आणि झिजतोही आधी, त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांची नोंदच पुसली जाते.

उत्तर जोर्वे काळात, म्हणजे इथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या शेवटच्या टप्प्यात, इ.स.पू. १००० ते ७००, मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती खालावली. इथंच घाई होते: खाचा जास्त म्हणजे हाल जास्त. पण खाच उमटायला मूल त्या दुखण्यातून वाचावं लागतं. दोन दिवसांत गेलेल्या लेकराचा दात गुळगुळीतच राहतो! शिवाय मडक्यांत आहेत ती न जगलेलीच; त्याच घरांत वाढलेली भावंडं त्यात नाहीत. वयोगट न पाडता काढलेली टक्केवारी म्हणूनच मला पटत नाही. मोठेपणी गेलेल्यांचे कायमचे सुळे शेजारी ठेवायला हवेत. ते जन्मानंतरच्या पाचव्या-सहाव्या महिन्यापासून सहाव्या वर्षाच्या आसपासपर्यंत घडतात, आणि कमी झिजलेला एखादा सुळा मिळाला तर वाचलेल्याचं लहानपण त्यावर दिसतं.