शाईपेनाने लिहिलेला पासवर्ड

२०२४च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीला पूर आला, तेव्हा बाहेरगावच्या लोकांना बडोद्यातल्या घरांत शिरलेल्या मगरी तेवढ्या लक्षात राहिल्या. मला आठवतं ते तिथल्याच समा भागातल्या डॉक्टरकाकूंच्या दवाखान्यातलं टेबल आणि त्याच्याखाली मीच ठेवलेला मिनी पीसी. तळमजला, आणि तोही थेट फरशीवर. वायरी दिसू नयेत म्हणून!

छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा धंदा. काकू मनोविकारतज्ज्ञ. पुराच्या तीन वर्षं आधी त्यांनी बोलावून सांगितलं, "अरे, माझे निम्मे पेशंट आपल्या रावपुऱ्या-दांडिया बाजारातले. कोण येतं हे शेजारणीला कळलं की येणंच थांबतं. मला या फायली परक्या मशीनवर नकोत." २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं गोपनीयतेचं कलमही त्यांनी चष्मा लावून वाचून दाखवलं. माझ्या तर आवडीचंच काम. त्या मिनी पीसीवर डेबियन ही लिनक्स प्रणाली टाकली, केसपेपरांच्या स्कॅनसाठी नेक्स्टक्लाउड, पासवर्ड साठवायला व्हॉल्टवॉर्डन. सगळं मुक्त सॉफ्टवेअर, लायसन्सचा खर्च शून्य. रोज पहाटे दोनला रेस्टिक नावाचा प्रोग्रॅम बॅकअप घेई आणि तो वायरगार्डच्या सुरक्षित जोडणीवरून माझ्या घरी, रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरला लावलेल्या डिस्कवर येई. तोसुद्धा निघण्याआधीच कुलूपबंद होऊन. "डिस्क माझ्या घरी असली तरी मलाही काही वाचता येणार नाही, काकू," असं मी तेव्हा मोठ्या ऐटीत म्हणालो होतो.

गोकुळाष्टमीला, म्हणजे २६ तारखेला पावसाने झोडपलं. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट, पाणी गेलं ३५च्या वर. समात पोचायला मला शुक्रवार उजाडला.

भिंतीवर कमरेच्या उंचीला चिखलाची सरळ रेघ होती, कुणी पट्टी धरून ओढावी तशी. पीसी उचलला तर जाळीतून गढूळ पाणी ओघळलं. आतली डिस्क, म्हणजे एसएसडी, काढून पुसली, लॅपटॉपला लावून पाहिली. ओळखच देईना. तरी मी निवांत होतो, कारण घरची डिस्क पिशवीत आणली होती. ती जोडली. रेस्टिकने पासवर्ड मागितला.

"काकू, तुम्हाला कागदावर लिहून ठेवायला सांगितलेलं ते कुठंय?"

काकूंनी टेबलाचा खालचा खण ओढला. फुगल्यामुळे तो अर्ध्यातच अडला. लिफाफा निघाला, आत कागदही निघाला. काकूंचं अक्षर देखणं, पण त्या आयुष्यभर शाईपेनाने लिहीत आल्या आहेत. पासवर्ड सहा शब्दांचा. त्यातला पहिला वाचता येत होता, दुसऱ्याचं शेपूट दिसत होतं आणि उरलेल्या जागी निळा ढग. तेवढ्यावरून अंदाजाने दोन-तीनदा टाकून पाहिलं. "राँग पासवर्ड ऑर नो की फाउंड."

हाच पासवर्ड व्हॉल्टवॉर्डनमध्ये होता. व्हॉल्टवॉर्डन त्याच पीसीवर होतं. किल्ली तिजोरीत ठेवून तिजोरी लावून घेतल्यासारखं झालं, आणि हे तीन वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बॅकअप धड आहे ना, हे मी दर महिन्याला तपासायचो. पण त्या कागदावरून तो उघडून कधी पाहिला नव्हता.

काका दारात झाडू घेऊन उभे होते. "गूगलवर ठेवलं असतं तर?" त्यांनी विचारलं. पाण्यापुरतं तरी काकांचं खरं होतं. मी काही बोललो नाही.

मग काकूंच्या टॅबमध्ये बिटवॉर्डनचं ॲप असल्याचं आठवलं. व्हॉल्टवॉर्डनमधले पासवर्ड त्यातूनच बघायचे असतात. ते नुसतंच गोल फिरत होतं. आणि मी, वीस वर्षं लोकांना जे सांगत आलो तेच सांगितलं, "लॉगआउट करून परत लॉगिन करा." काकूंनी केलं. ॲपने सर्व्हर शोधला. तो म्हणजे हाच पीसी, चिखलात पडलेला. तेव्हा ट्यूब पेटली. ॲप नुसतं लॉक असेल तर पासवर्डांची कुलूपबंद प्रत टॅबमध्येच राहते, इंटरनेट नसलं तरी उघडता येते. लॉगआउट केलं की ती पुसली जाते. सर्व्हरशिवाय परत येत नाही.

काकूंनी पर्समधून फोन काढला. "यातपण आहे रे ते. यातनंपण लॉगआउट करू?"

"हात लावू नका!" मी इतक्या जोरात ओरडलो की काकांचा झाडू थांबला. काकूंवर असा आवाज चढवायची माझी ती पहिलीच वेळ.

बॅटरी अकरा टक्के, एरियात वीज नाही. पॉवर बँक लावली. फोन एअरप्लेन मोडवर टाकला. गरज नव्हती, पण धीर आला. बोटाचा ठसा दोनदा नाकारला गेला, कारण काकूंचा हात ओला होता. त्यांनी पदराला बोट पुसलं, परत टेकवलं. यादी उघडली. खाली, वीजबिलाच्या पासवर्डानंतर, आमचे सहा शब्द. मी आधी ते वहीत बॉलपेनने उतरवून घेतले आणि मगच लॅपटॉपवर टाईप केले.

शेवटचा बॅकअप सोमवारी पहाटेचा निघाला. सगळ्या फायली जागच्या जागी.

बाहेर पायरीवर एक गृहस्थ तासाभरापासून बसले होते. मुलाचं औषध त्या दिवशी संपत होतं, आणि त्यांच्याही घरात पाणी शिरून चिठ्ठ्या वाहून गेल्या होत्या. काकूंना मुलगा नीट आठवत होता, पण तीन आठवड्यांपूर्वी डोस बदलला होता. "आठवणीवर हे औषध मी देत नाही," त्या म्हणाल्या. मी लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. समोर लोक गाद्या कंपाउंडवर वाळत घालत होते. मागे काकू नाव टाईप करत होत्या, एकेक अक्षर. मग पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. कुठलं औषध, किती, ते मला आजही माहीत नाही.

गृहस्थ चिठ्ठी घेऊन गेल्यावर मी वहीचं पान फाडून काकूंना दिलं. त्यांनी ते निरखून पाहिलं.

"अक्षर काय रे तुझं हे! हा एल आहे की एक?"

नव्या कागदावर पुन्हा लिहायला बसल्या तेव्हा त्यांच्या हातात शाईपेनच होतं. काकांनी ते काढून घेतलं.